मोझार्टची ३७वी सिंफनी कुठे गेली? के., ओपस, बीडब्ल्यूव्ही... हे क्रमांक लावतं तरी कोण?

खरवस
माझे मामा गिरगावात राहायचे. घरातले बाकी सगळे नाट्यसंगीत ऐकणारे, हे एकटे बेथोवेन-मोझार्टवाले. ते गेल्यावर मामींनी त्यांच्या एलपी आणि सीडींची खोकी माझ्याकडे सोपवली. ऐकतोय आणि फार आवडतंय. सगळ्याची नीट यादी करायला घेतली, तर पहिल्याच खोक्यात गाडी अडली.

मोझार्टच्या २५ ते ४१ सिंफनींचा एक संच आहे. त्यात ३६ नंतर थेट ३८. मामींना विचारलं, माळा पाहिला, ३७वीचा पत्ता नाही.

पंचविसाव्या सिंफनीपुढे एका ठिकाणी 'के. १८३' आणि दुसऱ्या ठिकाणी 'के. १७३डीबी' लिहिलंय. ऐकायला दोन्ही एकच. विवाल्डीचा 'स्प्रिंग' एका सीडीवर ऑप. ८ नं. १ आहे, दुसरीवर आरव्ही २६९. ड्वोरझाकची 'न्यू वर्ल्ड' जुन्या एलपीवर सिंफनी नं. ५ आणि सीडीवर नं. ९. स्कार्लाटीच्या एकाच सोनाटाला एलपीवर एल. ४१३ आणि सीडीवर के. ९! मग के. मोझार्टचा की स्कार्लाटीचा?

माझं मत विचाराल तर संगीतकाराने स्वतः दिलेला क्रमांक तेवढा खरा मानावा, बाकीचे सोडून द्यावेत. पण तो ओळखायचा कसा? आणि यादीत नेमकं काय लिहू? जाणकारांनी सांगावं.

झिपऱ्या
३७वीसाठी आता मामींच्या शेजाऱ्यांकडे चौकशी करू नका म्हणजे झालं. :) खुर्ची पकडून बसलोय, येऊ द्या जाणकारांना.

चौथी_तार
खरवस, संच पूर्ण आहे, माळ्यावरून उतरा. मोझार्टची ३७वी सिंफनी मोझार्टची नाहीच. ती मिखाएल हायडनची, म्हणजे प्रसिद्ध हायडनच्या धाकट्या भावाची. मोझार्टने तिला सुरुवातीचा संथ तुकडा तेवढा लिहून जोडला. हे १७८३च्या सुमाराचं, त्याने लिंझ गावात ३६वी सिंफनी लिहिली त्याच वेळचं. त्याच्या हस्ताक्षरातली पानं मिळाल्यामुळे पुढे सगळी सिंफनीच त्याची समजली गेली आणि तिला ३७ क्रमांक मिळाला. खरा प्रकार १९०७ मध्ये लोथार पेर्गर या अभ्यासकाने उघडकीला आणला. तोवर ३८, ३९, ४०, ४१ हे क्रमांक लोकांच्या तोंडी बसले होते, म्हणून मधली जागा तशीच मोकळी ठेवली.

दोन नंबरची सिंफनी बहुधा त्याच्या वडिलांची, लिओपोल्डची आहे. तीन नंबरची कार्ल फ्रीडरिश आबेलची. छोट्या मोझार्टने लंडनमध्ये तिची नक्कल उतरून घेतली होती. म्हणजे '४१ सिंफनी' हा आकडासुद्धा तसा धरूनच चालायचा. ब्राइटकॉप्फ उंट हेर्टेल या प्रकाशकांनी एकोणिसाव्या शतकात त्याचं समग्र संगीत छापलं, तेव्हा हे क्रमांक पडले. मोझार्टने स्वतः एकाही सिंफनीवर नंबर टाकलेला नाही.

सोनसावर
इतकी वर्षं ऐकतेय, पण ३७वी ऐकलेली नाही हे लक्षातच आलं नव्हतं! वाचनखूण साठवली.

लायपझिगकर
छान धागा. 'के.'बद्दल मी लिहिते.

के. म्हणजे लुडविग फोन कोखेल (१८००–१८७७). हा पेशाने संगीतकार नव्हता. कायद्याची पदवी, ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या मुलांची शिकवणी आणि आवड वनस्पती-खनिजांची. पैशाची चिंता नसल्यामुळे हिंडून दगड आणि रोपं गोळा करायचा. मोझार्टच्या कृती विखुरलेल्या आहेत, कुणीतरी त्या लावल्या पाहिजेत, असं त्याच्या एका मित्राने लिहिलं आणि कोखेलने ते मनावर घेतलं. १८६२ मध्ये इथे लायपझिगमध्येच त्याची सूची छापली गेली. सगळ्या कृती काळाच्या क्रमाने: के. १ म्हणजे लहानपणचा मिन्युएट आणि के. ६२६ म्हणजे अपुरा राहिलेला रेक्विएम (मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत).

हिची सहावी आवृत्ती मी इथल्या वाचनालयात उघडून पाहिली आहे. के. ५५०ची, म्हणजे ४०व्या सिंफनीची नोंद काढली होती. आधी प्रत्येक भागाची सुरुवात स्वरलिपीत, दोन ओळींच्या पट्टीवर. मग मूळ हस्तलिखित कुठे आहे (व्हिएन्नाच्या संगीतप्रेमी मंडळाच्या संग्रहात, त्याआधी ते ब्राम्सच्या मालकीचं होतं), क्लॅरिनेट असलेला आणि नसलेला असे दोन पाठ, पहिल्या छापील प्रती कुणी काढल्या, कुणी त्यावर काय लिहिलं. क्रमांक हे या सगळ्या माहितीचं नुसतं दार आहे. सीडीवर आपल्याला दार दिसतं, आतलं घर दिसत नाही.

खरवस, तुमच्या मुद्द्याबद्दल. मोझार्टने स्वतःची यादी ठेवली होती, पण फेब्रुवारी १७८४ पासून. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. डाव्या पानावर तारीख, कृतीचं नाव, वाद्यं. उजव्या पानावर समोरासमोर त्याच कृतीचे सुरुवातीचे सूर. ही वही आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. शेवटची नोंद १५ नोव्हेंबर १७९१ची, मृत्यूच्या तीनच आठवडे आधीची. तिच्यात तारखा आहेत, क्रमांक नाहीत. १७८४ आधीच्या शेकडो कृतींसाठी कोखेलला हस्ताक्षर, कागद, पत्रं यांवरूनच अंदाज बांधावा लागला. मग 'संगीतकाराने दिलेला क्रमांक' आणायचा कुठून?

खरवस
लायपझिगकर, फार सुंदर प्रतिसाद. पण १८३ आणि १७३डीबी हे दोन्ही कोखेलचेच का?

लायपझिगकर
पहिला कोखेलचा, दुसरा त्याच्या सूचीच्या सुधारित आवृत्तीतला. कोखेलनंतर नवनव्या गोष्टी कळत गेल्या. १९३७ मध्ये आल्फ्रेड आइनश्टाइनने तिसरी आवृत्ती काढली. (हे संगीताचे अभ्यासक, भौतिकशास्त्रवाले नव्हेत.) एखादी कृती आधीची ठरली की तिला काळाच्या योग्य जागी सरकवायचं, पण जागा तर भरलेली. मग १७३ आणि १७४च्या मध्ये १७३ए, १७३बी आणि तीही पुरेना तेव्हा १७३डीए, १७३डीबी! १९६४च्या सहाव्या आवृत्तीत आणखी सरकवासरकव झाली. सगळ्यांना पाठ असलेला के. १ त्या हिशोबात १ई झाला.

म्हणून सीडीवर 'के. १८३/१७३डीबी' असा जोडक्रमांक दिसतो.

अंकगणित
मोझार्टबद्दल एक गंमत. के. क्रमांकाला २५ने भागा आणि १० मिळवा. मोझार्टचं वय येतं!

के. ५५०: २२ + १० = ३२. ही सिंफनी जुलै १७८८ची, तो जन्मला जानेवारी १७५६ मध्ये. बरोब्बर ३२.
के. ५२५ (आइने क्लाइने नाख्टम्युझिक): २१ + १० = ३१. ऑगस्ट १७८७. बरोबर.
के. १८३: ७.३ + १० = १७. साल १७७३. बरोबर.
के. ६२६: २५ + १० = ३५. बरोबर.

शंभराच्या पुढे हे छान चालतं. त्याआधी नाही, कारण के. १ला दहा वर्षं येतात आणि तो तर तेव्हा पाच-सहा वर्षांचा.

झिपऱ्या
अंकगणित, तुम्हाला साष्टांग नमस्कार. जेवायला बसलेल्या सगळ्यांना के. नंबर विचारून झाले. :)

चौथी_तार
अंकगणित, सूत्र भारी आहे, पण ते मोझार्टचं वय सांगत नाही. कोखेलला ते किती वाटलं, हे सांगतं. के. ४१२ घ्या, पहिला हॉर्न कन्चेर्टो (एकल हॉर्न आणि वाद्यवृंद यांची रचना). तुमच्या सूत्राने साडेसव्वीस येतात आणि कोखेलनेही तो १७८२चाच मानला होता. पुढे ॲलन टायसनने मोझार्टच्या हस्तलिखितांच्या कागदांवरचे जलचिन्हांचे ठसे तपासले. ही कृती १७९१ची, शेवटच्या वर्षातली निघाली. अपुरी राहिली होती, दुसरा भाग त्याच्या शिष्याने, झ्युसमायरने पुरा केला. म्हणजे 'पहिला' म्हणवणारा हॉर्न कन्चेर्टो चारही हॉर्न कन्चेर्टोंमध्ये शेवटचा.

मी स्वतः हॉर्न वाजवत नाही, व्हायोलिन वाजवतो, पण ही माहिती कळल्यावर तो तुकडा पुन्हा ऐकला. पहिल्या भागात हॉर्नची वरची आणि अगदी खालची पट्टी मोझार्ट कशी टाळतो, ते नीट ऐकू आलं. ज्याच्यासाठी लिहिलं तो वादक, त्याचा मित्र लॉइटगेब, तोवर साठीच्या घरात पोचला होता. साल बरोबर कळलं की कान वेगळं ऐकतो. म्हणून मला या क्रमांकांच्या भानगडीत रस आहे.

मारवा_२१
स्पष्टच लिहितो, कुणाला राग येऊ नये. मी हिंदुस्थानी संगीत ऐकणारा. आमच्याकडे राग, ताल आणि बंदिशीचा मुखडा सांगितला की काम झालं. कुठली बंदिश कितव्या वर्षी बांधली आणि तिचा नंबर काय, यावाचून ऐकण्यात काही कमी पडत नाही. इकडे चार स्वर ऐकायच्या आधी ऑपस, के., आरव्ही! संगीत ऐकायचं की सात-बारा पाहायचा? त्यापेक्षा 'मूनलाइट', 'न्यू वर्ल्ड', 'स्प्रिंग' अशी नावं बरी. ऐकणाऱ्याला नावच लक्षात राहतं.

निमिषार्ध
मारवा, मी ग्रंथालयात काम करते, त्यामुळे यादीची बाजू घेणारच.

तुम्ही म्हणता तो मुखडा या सूच्यांमध्ये असतोच. लायपझिगकरांनी सांगितलेले सुरुवातीचे सूर म्हणजे तोच की. म्हणून या सूच्यांना 'थीमॅटिक कॅटलॉग' म्हणतात. फरक असा, की बंदिशीला शब्द असतात आणि सोनाटाला नसतात. 'एरी आली' म्हटलं की कळतं. 'डी मायनरमधला सोनाटा' म्हटलं तर स्कार्लाटीचे डी मायनरमधले ढीगभर सोनाटा आहेत. एकूण ५५५ सोनाटांपैकी नेमका कुठला, हे मेलवर किंवा फोनवर सांगायचं कसं? गाऊन?

टोपणनावांचा भरवसा धरू नका. 'मूनलाइट' नाव बेथोवेनने दिलेलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर एका समीक्षकाच्या उपमेवरून ते रूढ झालं. बेथोवेनच्या लेखी तो ऑप. २७ नं. २ (ऑप. म्हणजे ओपस, छापताना कृतीला दिलेला क्रमांक).

मारवा_२१
निमिषार्ध, स्कार्लाटीचा मुद्दा पटला, टोपणनावांचा नाही. 'मूनलाइट' बेथोवेनने दिलं नसेल, पण दोनशे वर्षं लोकांनी ते नाव लावलंय. लोकांनी दिलेलं नावही खरंच असतं.

सोनसावर
अवांतर: ४०व्या सिंफनीची सुरुवात आपल्या सगळ्यांच्या कानात आहे. सलील चौधरींनी १९६१च्या 'छाया'मधलं 'इतना ना मुझसे तू प्यार बढा' त्यावरूनच केलंय. तलत आणि लता. आजोबांना के. ५५० म्हटलं तर कळत नाही, चाल गुणगुणली की लगेच 'तलत!' म्हणतात. मारवांच्या बाजूने एक मत.

अंकगणित
+१. त्या गाण्याचाही के. नंबर काढावा म्हणतो. :)

दिवाणखाना
उशिरा येतोय. मी बरीच वर्षं एलपी गोळा करतो, त्यामुळे खरवस यांच्या बाकीच्या कोड्यांना हात घालतो.

ड्वोरझाक. त्याच्या हयातीत पाचच सिंफनी छापल्या गेल्या आणि ज्या क्रमाने छापल्या त्या क्रमाने नंबर पडले. 'न्यू वर्ल्ड' पाचवी आली. पहिली सिंफनी त्याने १८६५ मध्ये जर्मनीतल्या एका स्पर्धेला पाठवली, ती परतच आली नाही. ती हरवली असंच तो जन्मभर समजत होता. १९२३ मध्ये ती सापडली, तोवर तो जाऊन जवळजवळ वीस वर्षं झाली होती. पुढे सगळ्या नऊंची क्रमवार मांडणी झाली आणि 'न्यू वर्ल्ड' नववी ठरली. तुमच्या मामांची एलपी जुन्या पद्धतीची. मुखपृष्ठावर नं. ५ असलं तरी मधल्या गोल लेबलावर ऑप. ९५ लिहिलेलं असेल, बघा. तो आकडा दोन्हीकडे सारखाच.

पण ड्वोरझाकच्या ऑपसवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. १८७५ची एफ मेजर सिंफनी त्याने ऑप. २४ म्हणून लिहिली होती. झिमरॉक या प्रकाशकाने ती बऱ्याच वर्षांनी छापली आणि ती नवी कृती वाटावी म्हणून ऑप. ७६ ठोकून दिला. ड्वोरझाक चिडला, पण छापलं गेलं ते गेलं. म्हणून यार्मिल बुर्गहाउझर यांनी १९६० मध्ये काळाच्या क्रमाने 'बी' क्रमांक लावले. 'न्यू वर्ल्ड' बी. १७८.

खरवस, 'संगीतकाराचा तेवढा खरा' हा नियम इथेच मोडतो. ओपस हा पुष्कळदा छपाईचा क्रम असतो, रचनेचा नव्हे. बेथोवेनचा 'दुसरा' पियानो कन्चेर्टो (ऑप. १९) 'पहिल्या'च्या (ऑप. १५) आधी लिहिलेला आहे. दोन्ही १८०१ मध्ये छापले, तेव्हा ऑप. १५ आधी बाहेर पडला आणि पहिला ठरला. शोपँच्या दोन कन्चेर्टोंचंही तेच: दुसरा आधीचा.

शूबर्टचं तर फार वाईट वाटतं. त्याचा ऑप. १ म्हणजे 'एर्लक्योनिग' हे गाणं, १८१५चं. ऑप. २ म्हणजे 'ग्रेटशेन चरख्यापाशी', ते १८१४चं. एक आधीचं, दोन नंतरचं असं नाहीच, उलटं. आणि ऑप. १ छापून यायला १८२१ उजाडलं. तोपर्यंत त्याने किती लिहून ठेवलं होतं, ते ऑपसवरून कधीच कळलं नसतं. ते कळतं ओटो एरिश डॉइच यांच्या 'डी' क्रमांकांमुळे. ही सूची १९५१ मध्ये लंडनला इंग्रजीत निघाली, कारण नाझी आल्यावर डॉइच यांना व्हिएन्ना सोडून इंग्लंडात जावं लागलं होतं. 'ग्रेटशेन' डी. ११८, 'एर्लक्योनिग' डी. ३२८. दोघांमध्ये दोनशेहून जास्त कृती, सव्वा वर्षाच्या आत! मुलगा सतरा-अठरा वर्षांचा. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो होतो.

चौथी_तार
दिवाणखाना, जबरदस्त. त्यात भर: शूबर्टची 'अनफिनिश्ड' कुठे ८वी, तर जर्मनीत ७वी. 'ग्रेट' सी मेजर कुठे ९वी, कुठे ८वी, जुन्या छापील प्रतींवर ७वीसुद्धा. पण डी. ७५९ आणि डी. ९४४ लिहिलं की वादच मिटतो.

झिपऱ्या
मला बाख सांगा कुणीतरी. बीडब्ल्यूव्ही ९८८, बीडब्ल्यूव्ही १०४३... हा माणूस अकराशे कृती लिहून गेला आणि हजारावी कुठली, त्या वर्षी पेढे वाटले का?

लायपझिगकर
झिपऱ्या, बाखची हजारावी असं काही म्हणता येत नाही, कारण बीडब्ल्यूव्ही काळाच्या क्रमाने नाहीच. वोल्फगांग श्मीडर यांनी १९५० मध्ये ही सूची केली ती प्रकारानुसार. बाखच्या बहुतेक कृतींच्या तारखा तेव्हा नक्की नव्हत्या, म्हणून त्यांनी कोखेलचा मार्ग सोडला. सुरुवातीला चर्चचे कान्टाटा (गायनाच्या रचना), मग मास आणि पॅशन, ५२५ पासून ऑर्गन, ७७२ पासून इतर कीबोर्ड, १००१ ते १००६ एकल व्हायोलिन, १००७ ते १०१२ एकल चेलो, १०४१ पासून कन्चेर्टो. एकदा सवय झाली की नंबरावरून वाद्य ओळखता येतं.

कान्टाटांचा क्रम त्याहून जुना. १८५१ मध्ये बाख सोसायटीने त्याचं समग्र संगीत छापायला सुरुवात केली, पहिल्या खंडात दहा कान्टाटा घातले, तेच १ ते १०. त्यातला १ नंबरचा १७२५चा आणि ४ नंबरचा बाखच्या अगदी तरुणपणचा.

अंकगणित
मग विवाल्डीचं काय? 'फोर सीझन्स'चे आरव्ही २६९, ३१५, २९३, २९७. चार ऋतू एकापाठोपाठ असूनही नंबर विखुरलेले. यात मला काहीच सूत्र सापडेना.

चौथी_तार
सूत्र आहे, अंकगणित! आरव्ही म्हणजे पीटर रिऑम यांची सूची. त्यांनी विवाल्डीच्या कन्चेर्टोंची मांडणी स्वरपट्टीच्या अक्षरक्रमाने केली. सी, डी, ई असं पुढे. 'स्प्रिंग' ई मेजर म्हणून २६९, 'ऑटम' एफ मेजर २९३, 'विंटर' एफ मायनर २९७, 'समर' जी मायनर ३१५. बघा, ई, एफ, एफ, जी. तर ऑप. ८ नं. १ ते ४ म्हणजे १७२५ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेल्या बारा कन्चेर्टोंच्या संचातले पहिले चार. ऑपस तुम्हाला विवाल्डीने ते कुठल्या संचात ठेवले ते सांगतो, आरव्ही ते कपाटात कुठे सापडतील ते सांगतो. खरवस, दोन्ही ठेवा.

मांडवी_काठ
नमस्कार. मी गोव्यात पियानो शिकवते. मुलांच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात 'मिन्युएट इन जी' असतोच, वर 'योहान सेबास्टियन बाख' लिहिलेलं. आई-वडील कौतुकाने सांगतात, "आमची मुलगी बाख वाजवते." तो मिन्युएट बाखचा नाही. बाखच्या बायकोच्या, आना माग्डालेनाच्या १७२५च्या वहीत तो उतरवलेला आहे, म्हणून बाखच्या नावावर गेला. ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक क्रिस्तियान पेट्झोल्ड याचा तो आहे, हे १९७०च्या दशकात कळलं. क्रमांक बीडब्ल्यूव्ही अन्ह. ११४. हे 'अन्ह.' म्हणजे पुरवणी. ज्यांच्याबद्दल शंका आहे ते तुकडे श्मीडर यांनी पुरवणीत ठेवले.

मी वर्गात पेट्झोल्डचं नाव सांगते आणि मुलांना पुस्तकात पेन्सिलीने लिहायला लावते. तुकडा तितकाच गोड आहे. ज्याने केला त्याला निदान नाव तरी मिळायला हवं.

सोनसावर
मांडवी_काठ, खूप आवडलं.

निमिषार्ध
मांडवी_काठ, असंच हायडनच्या ऑप. ३चं. सहा चौकड्या (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना), त्यातल्या पाचव्यातला 'सेरेनेड' लग्नसमारंभांतसुद्धा वाजतो. या रोमान हॉफश्टेटर या ख्रिस्ती साधूच्या असाव्यात, असं संशोधकांनी १९६४ मध्ये दाखवलं. पण त्याआधीच, १९५७ मध्ये, ॲन्थनी व्हान होबोकेन यांच्या सूचीचा पहिला खंड निघाला होता आणि त्यात त्या हायडनच्या चौकड्यांमध्येच बसल्या होत्या. होब. ३:१७ हा क्रमांक अजून तसाच आहे. काढला तर मागचे सगळे नंबर बदलावे लागतील.

अंकगणित
मग बदला की! माहिती चुकीची असेल तर क्रमांक दुरुस्त व्हायला हवा. कोखेलच्या सहाव्या आवृत्तीने तेच केलं ना?

लायपझिगकर
आणि त्यातून काय झालं ते खरवस यांच्या खोक्यात दिसतंयच. वादक जुना नंबर वापरत राहिले, अभ्यासक नवा, सीडीवाले दोन्ही. २०२४ मध्ये कोखेलची नवी आवृत्ती आली, नील झास्लॉ यांनी केलेली. तिने काळाच्या क्रमाचा हट्ट सोडला आणि शक्य तिथे कोखेलचे मूळ क्रमांक परत आणले. पंचविसावी सिंफनी पुन्हा नुसती के. १८३. नंतर कळलेल्या कृतींना ६२६च्या पुढचे क्रमांक दिले. त्याच वर्षी इथे लायपझिगच्या शहर ग्रंथालयात मोझार्टच्या लहानपणचं एक सेरेनेड मिळालं, दोन व्हायोलिन आणि बासचं. तो के. ६४८. रेक्विएमच्या पुढचा नंबर, पण कृती किशोरवयातली.

माझ्या मते हेच बरोबर. नंबरने ओळख सांगावी. तारीख बदलली तर ती नोंदीच्या मजकुरात बदलावी.

अंकगणित
म्हणजे ६४८ला माझ्या सूत्राने ३६ वर्षं येतात. मोझार्ट तेवढा जगलाच नाही. मला अजूनही काळाचा क्रमच आवडतो. १ ते ६२६ ओळीने वाचलं की माणूस मोठा होताना दिसतो, ते सुख कपाटाच्या क्रमात नाही.

दिवाणखाना
अंकगणित, त्या सुखासाठी मोझार्टची स्वतःची वही वाचा, तिच्यात तारखा आहेत. :)

खरवस, आता मूळ प्रश्नाकडे. स्कार्लाटीचा एल. म्हणजे आलेस्सांद्रो लोंगो, त्यांनी १९०६ पासून सोनाटा छापले ते स्वतःच्या पसंतीचे गट करून. के. म्हणजे राल्फ कर्कपॅट्रिक, १९५३. मोझार्टच्या के.शी गोंधळ होऊ नये म्हणून पुष्कळ जण 'केके.' लिहितात, तुम्हीही लिहा.

यादीत चार रकाने करा: संगीतकार, प्रकार आणि स्वरपट्टी, सूचीक्रमांक, एलपीवर प्रत्यक्ष छापलेलं. शेवटचा रकाना विसरू नका. उद्या कुणी 'ड्वोरझाक ५' शोधत आलं तर सापडायला हवं. मोझार्टला मूळ के., बाखला बीडब्ल्यूव्ही, शूबर्टला डी., विवाल्डीला आरव्ही आणि ऑपस दोन्ही. बेथोवेनला ऑपसच पुरतो. ज्या कृतींना ऑपस नाही त्यांना 'डब्ल्यूओओ' क्रमांक असतो. 'फ्युर एलीझ' डब्ल्यूओओ ५९. त्या जुन्या लेबलांना मात्र नव्या चिठ्ठ्या चिकटवू नका.

खरवस
दिवाणखाना, चारही रकाने केले. न्यू वर्ल्डच्या गोल लेबलावर ऑप. ९५ आहे, तुम्ही म्हणालात तसंच.

आता एकच अडलंय. खोक्यात हायडनच्या चौकड्यांची एक एलपी निघाली, त्यात तो 'सेरेनेड' आहे. संगीतकाराच्या रकान्यात काय लिहू? हायडन की हॉफश्टेटर?

मांडवी_काठ
हॉफश्टेटर लिहा.

मारवा_२१
मुखपृष्ठावर हायडन असेल तर हायडन. मामांनी ती हायडन म्हणूनच ऐकली.

निमिषार्ध
ग्रंथालयात आम्ही असं करतो: पहिल्या रकान्यात 'हॉफश्टेटर, रोमान (बहुधा), पूर्वी हायडनच्या नावे', क्रमांकात 'ऑप. ३ नं. ५, होब. ३:१७' आणि छापलेल्याच्या रकान्यात 'हायडन'. शिवाय हायडनखाली एक वेगळी नोंद, 'सेरेनेड: हॉफश्टेटर पाहा'. म्हणजे कोणत्याही नावाने शोधणाऱ्याला ती एलपी मिळेल.